शांत नोकरी

१२ ऑगस्ट

प्रिय सुमे,



तुझा साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल रात्री दोनदा ऐकला. त्यात कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, नातवाचं रडणं आहे आणि मधेच तू सुनेला "कोथिंबीर खालच्या कप्प्यात आहे" असं सांगितलंस. पण मुद्दा कळला. तुझ्या भाचीनं बी. ए. केलं, दोन वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, आता कंटाळलीय आणि म्हणते, लायब्ररीत काम करीन. "तिला वाचायची आवड आहे गं, स्वभावानं अबोल आहे, एखादी शांत नोकरी मिळाली तर बरं. काय शिकावं लागतं ते तू सांग."

याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. न्यू जर्सीपर्यंतचं टपाल मला परवडत नाही आणि तुझ्या सुनेला माझं अक्षर लागत नाही, तेव्हा तूच मोठ्यानं वाच.

'शांत नोकरी' ऐकून मी एकटीच हसले. बाई गं, शांतता असते ती वाचकासाठी. ती राखायला कुणाला तरी दिवसभर बोलावं लागतं, आणि ते काम आपल्याकडे असतं. सकाळी साडेसातला दार उघडायच्या आधी पायरीवर चार पेन्शनर उभे असतात. त्यातल्या दोघांना एकच पेपर आधी हवा असतो आणि दोघांचं एकमेकांशी १९९४ पासून बोलणं नाही. नऊला अभ्यासिकेतली पोरं येतात. ती आपली पुस्तकं घेऊन येतात, आमची एकही नेत नाहीत. त्यांना फक्त खुर्ची, पंखा आणि प्लगची जागा हवी. पंख्याखालच्या खुर्चीवरून गेल्या उन्हाळ्यात मारामारी व्हायची वेळ आली होती. चारनंतर बायका येतात, त्यांना नवं मासिक हवं असतं, आणि ते कुणीतरी महिनाभर घरी ठेवलेलं असतं. पाचला शाळा सुटते. मग विचारू नकोस. अबोल मुलीनं जरूर यावं, पण अबोल राहायला मिळेल म्हणून येऊ नये.

आणि वाचायच्या आवडीचं म्हणशील, तर चौतीस वर्षांत नोकरीच्या वेळात मी एक पुस्तक सलग वाचलेलं नाही. पाठकव्हर, प्रस्तावना, अनुक्रमणिका, मधली चार पानं, एवढंच. पण असं हजारोंचं वाचलं. हलवायाच्या दुकानातल्या माणसाला गोड खाववत नाही तसं होतं थोडंसं. घरी आल्यावर मी वाचायची ते बहुतेक वर्तमानपत्राच्या पुड्यांचे कागद.

आता मी कशी शिरले ते तुला माहीत आहे, तरी भाचीसाठी सांगते. १९८७ साली, बारावी पास, कॉलेज अर्धवट, वडील गेलेले. वाचनालयाला 'निर्गम सहायक' हवा होता. नाव भारदस्त आहे, पण काम पुस्तक देणं आणि घेणं. पगार महिना दोनशे रुपये. पहिले सहा महिने मी फक्त डिंक लावला. पुस्तकाला पाकीट चिकटवायचं, तारखेची पट्टी चिकटवायची, दाखल नोंदवहीत क्रमांक टाकायचा, शिक्के मारायचे. शिक्का मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आणखी एका ठरलेल्या पानावर. हे तिसरं गुप्त पान. पहिलं आणि शेवटचं पान फाडून पुस्तक रद्दीत गेलं तरी ते पान सांगतं की माल कुणाचा. आमचं गुप्त पान कितवं ते मी निवृत्त झाले तरी सांगणार नाही, तुलाही नाही.

मग कमिटीतले एक गुरुजी म्हणाले, नुसत्या डिंकावर जन्म काढशील, कोर्स कर. दहावी पास माणसाला करता येणारा ग्रंथालयाचा प्रमाणपत्र कोर्स असतो, काही महिन्यांचा. आजही आहे. मी तो केला आणि सुमे, पहिल्यांदा कळलं की मी ज्याला 'पुस्तक जागेवर ठेवणं' म्हणत होते त्याला वर्गीकरण म्हणतात आणि त्याच्यापायी माणसं आयुष्य घालवतात.

आज तारीख पाहिलीस? १२ ऑगस्ट हा आपल्याकडे ग्रंथपाल दिन, रंगनाथनांच्या नावाचा. त्यांची गोष्ट तुझ्या भाचीला नक्की सांग, तिच्यासाठीच आहे ती. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारा माणूस. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली. तिथे गेले तर काय, भलीमोठी खोली, पुस्तकं आणि दिवसभर कुणी येईना. आठवडाभरात इतके कंटाळले की परत कॉलेजात जाऊन म्हणाले, माझी जुनी नोकरी द्या. म्हणजे त्यांनाही शांत नोकरीच मिळाली होती, आणि ती सोसवली नाही! प्राचार्यांनी तोड काढली. लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, तरीही नकोसं वाटलं तर गणिताची जागा तुमचीच. गेले. तिकडची ग्रंथालयं पाहिली आणि गणित विसरले. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, जोडाल तशी वस्तू. तसे विषयाचे तुकडे जोडून पुस्तकाचा क्रमांक करता येईल, हे तिथे सुचलं. त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धत आली. त्याआधी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं. परीक्षेत ती पाचही येतात. मला त्यातलं चौथं सगळ्यात प्यारं: वाचकाचा वेळ वाचवायचा.

गंमत अशी की आपल्या वाचनालयांत रंगनाथनांची पद्धत कमी आणि अमेरिकेतल्या ड्यूईची दशांश पद्धत जास्त. तुझ्या तिथल्या लायब्ररीतही पुस्तकाच्या पाठीवर तेच आकडे असतील, जाऊन बघ. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य. पुढे १ लावला की कविता, २ लावला की नाटक, ३ लावला की कथा-कादंबरी. ऐकायला सोपं. मग मला सांग, ज्ञानेश्वरी कुठे ठेवशील? हिंदू धर्माच्या २९४.५ मध्ये की मराठी कवितेच्या ८९१.४६१ मध्ये? आमच्याकडे तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, धर्मात. मी म्हटलं, साहेब, कविता नाही का ती? ते म्हणाले, बाई, वाद घालू नका. धर्माच्या शेकड्यात ड्यूईनं २२० पासून २८० पर्यंतची सगळी जागा ख्रिस्ती धर्माला दिली आणि बाकी दुनियेचे धर्म २९० च्या खोलीत कोंबले, त्यामुळे आमच्या त्या कपाटात तशीही गर्दी होती. शेवटी मी दोन प्रती घेतल्या. एक इकडे, एक तिकडे. कवितेतली जास्त फिरली, हे मुद्दाम लिहिते.

असे प्रश्न रोजचे. नावांचंच बघ. कविता मागायला आलेला माणूस आरती प्रभू मागतो आणि कादंबरी मागायला आलेला खानोलकर. दोघंही एकच, पण दोन्ही वाचकांना हे ठाऊक असेलच असं नाही. कुसुमाग्रज म्हणून शोधणाऱ्याला शिरवाडकरांपर्यंत न्यायचं. तुकारामाला आडनावाखाली घालायला गेलीस तर वारकरी बदडतील. म्हणून 'पाहा' असं लिहिलेली कार्डं करायची: 'इथे नाही, तिकडे पाहा'. आमच्या लाकडी खणांत अशी कार्डं मी बोटं दुखेपर्यंत लिहिली. हे तालिकीकरण. पदवीच्या परीक्षेत त्याचं प्रात्यक्षिक असतं आणि निम्मी मुलं तिथेच अडखळतात, कारण स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे याचेसुद्धा नियम आहेत.

पण ज्याची परीक्षा कुठेच होत नाही ते एक सांगते. मागच्या श्रावणात मी सहज म्हणून वाचनालयात गेले होते. काउंटरवर नवा मुलगा होता, पदवी घेतलेला, हुशार. एक आजोबा आले. म्हणाले, "ते पुस्तक द्या, जुनं, जाड, कव्हरवर घोडा." मुलानं संगणकावर 'घोडा' टाइप केलं. घोड्यांच्या निगेवरचं एक आणि बालकथांची दोन पुस्तकं आली. आजोबा निघालेच होते. मी विचारलं, "कुणाची गोष्ट होती? शेवट आठवतो का?" म्हणाले, "शेवटी नवरा जातो, आजारानं. थेऊरला. मग ती सती जाते." मी म्हटलं, 'स्वामी' द्या यांना, रणजित देसाई. आजोबांचा चेहरा फुलला. आपल्या निम्म्या ऐतिहासिक कादंबऱ्यांवर घोडा असतो गं, घोड्यानं कसं सापडेल? पण पेशवाईतल्या माधवरावाला थेऊरला मरण येतं आणि रमाबाई सती जाते, हे एकाच ठिकाणी. वाचक जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही, त्याला हवं असतं ते तो सांगत नाही, आणि मधला रस्ता तीन-चार साध्या प्रश्नांचा असतो. त्या मुलाला मी काही शिकवायला गेले नाही. दोन दिवसांनी मात्र तो एका बाईला विचारत होता, "शेवट कसा होता, काकू?"

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. काय शिकावं लागतं आणि काय मिळतं.

तू मागे लिहिलं होतंस की तुमच्या टाऊनशिपच्या लायब्ररीत पुस्तक देणारी मुलगी वेगळी आणि अडलेलं विचारायला गेलं की ती दुसऱ्या टेबलाकडे पाठवते. बरोबर आहे. अमेरिकेत 'लायब्ररियन' म्हणवून घ्यायला बहुतेक ठिकाणी या विषयाची मास्टर्स लागते, तीही तिकडच्या लायब्ररी असोसिएशननं मान्यता दिलेल्या विद्यापीठाची. काउंटरवरच्या सगळ्यांकडे ती नसते. आपल्याकडे गंमत उलटी. गावच्या वाचनालयात शिपाई, लिपिक, निर्गम सहायक आणि ग्रंथपाल हे चारही एकाच बाईत राहतात, आणि पगारही तिला एकाच बाईचा मिळतो, तोसुद्धा पुरता नाही.

कारण असं की ही वाचनालयं सरकारी नाहीत. लोकांना वाटतं, पाटीवर 'सार्वजनिक' आहे म्हणजे सरकारचं. रत्नागिरीचं १८२८ चं नगर वाचनालय घे, नाशिकचं १८४० चं सार्वजनिक वाचनालय घे, ठाण्याचं १८९३ चं मराठी ग्रंथसंग्रहालय घे, ही सगळी संस्थेनं चालवलेली. सरकार मान्यता देतं आणि अनुदान देतं. १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे आपला. कोल्हापूर संस्थानानं तर १९४५ मध्येच केला होता, देशात पहिला, पण तो संस्थानापुरता. आपल्या कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही. काही राज्यांत घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा उपकर घेतात, तसा आपल्याकडे नाही. मग सगळी भिस्त अनुदानावर. पुस्तकं किती, सभासद किती, पेपर-मासिकं किती यांवरून अ, ब, क, ड असे वर्ग. ड वर्गाचं वर्षाचं अनुदान शहरातल्या मुलाच्या एका क्लासच्या फीइतकं. त्यातला साधारण निम्मा वाटा पगाराचा, उरलेल्यात पुस्तकं, पेपर, वीजबिल, गळणारं छप्पर. अनुदान हप्त्यानं येतं, कधी दिवाळीआधी, कधी शिमग्यानंतर. मी निवृत्त झाले तेव्हा हार, शाल, श्रीफळ आणि कमिटीचं एक भाषण मिळालं. पेन्शन नाही. हे रडगाणं नव्हे, हिशोब आहे, आणि भाचीनं तो आधी बघावा.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की दहावीनंतरच्या प्रमाणपत्रावर तिनं थांबू नये. माझं तेच चुकलं. प्रमाणपत्र मिळालं, 'ग्रंथपाल' पाटी लागली, गावात मान मिळाला आणि मी रमले. अर्धवट पदवी पुरी करून बी. लिब. मी अडतिसाव्या वर्षी केलं, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून, रात्री पोरांची दप्तरं भरून झाल्यावर. तोवर इतर जागांची वयोमर्यादा हातातून गेली होती.

तुझी भाची बी. ए. आहे ना? मग बी. लिब. एका वर्षाचं. कुठल्याही शाखेची पदवी चालते, इतिहास असो की वनस्पतिशास्त्र. पुणे, मुंबईच्या विद्यापीठांत आहे, मुंबईच्या एस.एन.डी.टी.त तर १९६१ पासूनचा विभाग आहे, आणि घर सोडता येत नसेल तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू आहेच. बी. लिब. वर शाळांच्या जागा मिळतात. केंद्रीय विद्यालयात ग्रंथपाल व्हायला बी. लिब. चालतं, मूळ पगार ४४,९०० पासून. बदली मात्र देशात कुठेही, तयारी हवी. आपल्या अनुदानित शाळांत पटसंख्येवर जागा ठरते आणि 'अर्धवेळ ग्रंथपाल' नावाचा एक प्रकार आहे. काम अर्धवेळ असतं असं समजू नकोस. पगार अर्धवेळ असतो. पूर्णवेळ करा म्हणून या माणसांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले.

मग एम. लिब., आणखी एक वर्ष. त्यात ५५ टक्के हवेतच, हे तिला आज सांग, निकालानंतर नको. त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. ग्रंथालयशास्त्राचा वेगळा पेपर असतो त्यात. ते झालं की कॉलेजच्या ग्रंथपालाची पात्रता. तिथली सुरुवात सहायक प्राध्यापकाच्याच श्रेणीत, मूळ वेतन ५७,७००. बघ, पुस्तकं तीच, डिंक तोच, शिक्काही तसाच, आणि एकीला महिन्याला मिळतं ते दुसरीला वर्षभर मिळत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथपालाला पीएच.डी. आणि दहा वर्षांचा अनुभव लागतो, ते तिचं ती पुढे बघेल.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. नेट झालं म्हणजे जागा तयार असते असं नाही. अनेक कॉलेजांतून ग्रंथपाल निवृत्त होतो आणि खुर्ची वर्षानुवर्षं रिकामी राहते, नाहीतर कंत्राटावर भरली जाते. आणि दुसरंही आहे. बी. लिब. झाल्यावर मी एका शाळेत अर्धवेळ जागेच्या मुलाखतीला गेले होते. नाव सांगत नाही. वर्गीकरणावर दोन प्रश्न झाले, मी ताठ मानेनं उत्तरं दिली. मग एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "बाई, इमारत निधीला किती जमेल?" मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "वर्गणी किती असते आपल्याकडे?" सगळे हसले. मी बसस्टँडवर येऊन उसाचा रस प्यायले आणि घरी आले. घरच्यांना सांगितलं, जागा भरली होती.

संगणकाचं थोडं सांगते, कारण आता तिथेच सगळं आहे. 'कोहा' नावाची प्रणाली शिकायला सांग तिला, फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या छोट्या गावांच्या ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये केलेली. माओरी भाषेत कोहा म्हणजे आहेर, आणि आपल्यासारखाच, परतफेडीचा. कुणी सुधारणा केली की ती सगळ्यांना वाटायची. सरकारी ठिकाणी 'ई-ग्रंथालय' दिसेल, कॉलेजांत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं 'सोल'. एक आलं की दुसरं जमतं. पण यंत्रापेक्षा त्यात माणसानं काय घातलंय ते बघायला शिकायला हवं. आमच्याकडे पहिल्यांदा नोंदी झाल्या त्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये. मशीन बदललं आणि साडेनऊ हजार पुस्तकांची नावं एका रात्रीत चिनी झाल्यासारखी दिसायला लागली. पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करायला दोन पोरं बसवली. त्यांनी खानोलकर चार तऱ्हांनी लिहिले: 'चिं. त्र्यं.', 'चि. त्र्य.', 'चिंत्र्यं' आणि एकदा नुसतंच 'सी. टी.'. यंत्राच्या मते ते चार लेखक. बी. लिब. चा तो स्वल्पविराम-पूर्णविरामाचा जाच कशासाठी असतो, ते मला त्या दिवशी पटलं.

आता माझा सल्ला, आणि तो ऐकून तुझी बहीण मला दोन शब्द सुनावेल. पोरीनं मुक्त विद्यापीठाचा नाहीतर दुसरा कुठला तरी बी. लिब. चा अर्ज आधी भरावा. मग प्रवेश होईतो तीन महिने आपल्या वाचनालयात येऊन काम करावं. बिनपगारी. कमिटीशी मी बोलते. तीन महिन्यांत तिला कळेल की आपल्याला पुस्तकं आवडतात की पुस्तकं मागणारी माणसं. नुसती पुस्तकं आवडत असतील तर तिनं सभासद व्हावं, वर्गणी भरावी आणि दुसरी नोकरी बघावी. त्यात कमीपणा काही नाही, आमचे उत्तम वाचक बँकेत आणि एस.टी.त होते.

पण तीनच महिने. चौथा नको. तिसऱ्या महिन्यात काय होतं ते मला माहीत आहे. एखादी म्हातारी तिच्यासाठी डब्यातून वड्या आणते. एखादा मुलगा पास झाल्याचे पेढे आधी काउंटरवर ठेवतो. कमिटी म्हणते, तुझ्यावाचून अडेल, थोडं मानधन देतो, राहा. आणि माणूस राहतो. मी राहिले. वाईट गेलं असं म्हणत नाही मी, पण 'पुढच्या वर्षी एम. लिब. करू' असं मी सतरा वेळा म्हटलं आणि सतरा वर्षं गेली. तिच्या तोंडून ते वाक्य एकदा जरी ऐकलं तरी मी तिला हाताला धरून बाहेर काढीन, एवढं तिच्या आईला कळव.

पावसानं इकडे कहर केलाय. वाचनालयाच्या मागच्या भिंतीला ओल आलीय, चरित्रांच्या कपाटातून कुबट वास येतो, खालच्या फळीवरची सगळी काढून हॉलमध्ये दोऱ्यांवर उघडी करून ठेवलीत, पंखे चालू. कसर लागलेली वेगळी काढली. कडुलिंबाचा पाला आणलाय, पण पाल्यावर आता माझाही फारसा विश्वास नाही. खरं औषध म्हणजे पुस्तक हलतं ठेवणं. जे पुस्तक महिन्यातून एकदा कुणाच्या हातात जातं त्याला कसर लागत नाही. गेली दहा वर्षं कुणी न मागितलेली मात्र चाळणीसारखी झालीत, आणि आता त्यांच्या निर्लेखनाचा ठराव करायचा, यादी करायची, सह्या घ्यायच्या. पुस्तक विकत घेण्यापेक्षा बाद करायला कागद जास्त लागतात.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते मेसेजमध्ये सांगितलंच नाहीस. कोथिंबिरीचं सांगितलंस.

भाचीला सांग, सोमवारी वाचनालय बंद असतं. मंगळवारी सकाळी सव्वासातला यावं, दार उघडायच्या आधी. पदवीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स आणि अर्ज भरल्याची पावती दोन्ही आणावी, पावती नसेल तर मी आत घेणार नाही. कपडे जुने घालावेत, पहिल्या आठवड्यात मासिकांचा माळा उतरवायचाय.

तुझी,
कुंदा